चॅपेलच्या वळणावर तिसरा गिअर

१

रविवारी सकाळी साडेसहाला शर्यतीचे झेंडे काढायला म्हणून सोलांज शाझालनं तपासणीच्या गोदामाचं बाजूचं छोटं दार ढकललं. ते पुरतं उघडेना, कारण आत तिचा नवरा पडला होता. शर्यतीच्या आदल्या रात्री तो गोदामातच झोपायचा, म्हणून तिनं रात्री वाट पाहिली नव्हती. फिर्मँ शाझालचा चेहरा जळक्या तेलाच्या परातीत होता आणि डोक्याची मागची बाजू आत गेली होती. घाव सात होते. शेवटचे तीन तो पडल्यावर घातलेले होते, कारण त्यांच्या शेजारी फरशीचाही टवका उडाला होता. सोलांज ओरडली नाही. तिनं नवऱ्याचं तोंड परातीतून बाहेर काढलं, ॲप्रननं पुसलं आणि मग ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

सँत-ओविद गावात ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी घाटाची शर्यत होते. सुरुवात खाली, ओढ्याकाठच्या गोदामापाशी. शेवट वर, गावाच्या चौकात. मध्ये चौदा वळणं. त्यातलं नववं चॅपेलचं वळण, तिथं आजवर चार माणसं गेली. फिर्मँ शाझाल बावीस वर्षं या शर्यतीचा तपासनीस होता. कुठली गाडी नियमात बसते, कुठली नाही, हे तो सांगायचा आणि तो सांगेल ते गाव ऐकायचं. अशा माणसाला शत्रू नसतील असं म्हणणारा एक तर खोटारडा किंवा पाद्री.

फौजदार कोर्बियेंना शत्रू शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शनिवारी दुपारी कॅफेत पन्नास माणसांच्या देखत शाझाल रेमी व्हर्नेदच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला होता. रेमीनं पेला खाली ठेवला, उठला आणि त्याच्या तोंडावर दोन ठोसे मारले. एक दात टेबलावरच्या बशीत पडला. शाझालनं तो रुमालात बांधून घेतला आणि निघून गेला. रेमी गावातला मेकॅनिक, त्याचं गॅरेज गोदामापासून शंभर पावलांवर. रविवारी नऊच्या आत त्याच्या हातात बेड्या पडल्या.

रेमीची थोरली बहीण ओदिल बातमी ऐकून आली तेव्हा गाडीचं दार लागत होतं. ओदिल बावन्न वर्षांची. विमा कंपनीसाठी फुटलेल्या गाड्या तपासायचा तिचा धंदा. पंचवीस वर्षांत तिनं या खोऱ्यातला एकूणएक चेंदामेंदा हातानं चाचपला होता. कुणी ब्रेक दाबला, कुणी प्यायला होता, कुणी आपणच गाडी दरीत ढकलून पैसे मागतोय, ते ती पत्र्यावरून वाचायची. माणसांपेक्षा पत्रा बरा, तो निदान एकदाच खोटं बोलतो, असं ती म्हणायची. लग्नाचं विचारायचं तिला लोकांनी त्यामुळेच सोडून दिलं असावं.

"उद्या संध्याकाळी सहापर्यंत तो माझ्याकडे आहे," कोर्बिये तिला म्हणाले. "मग प्रिव्हा शहरात न्यायाधीशापुढे. तिथून परत यायचं म्हणजे तीस वर्षं, ओदिलबाई. तुम्हाला काही ठाऊक असेल तर आत्ता सांगा."

"माझ्या भावानं मारलेलं नाही."

"हे तर माझी आईसुद्धा माझ्याबद्दल म्हणाली असती."

२

रेमीला भेटायला तिला दहा मिनिटं मिळाली, तीही कोर्बिये तिचे जुने ओळखीचे म्हणून. रेमीचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. गाडीत बसताना पडलो, असं तो म्हणाला, आणि दाराशी उभ्या पोरगेल्या शिपायानं मान वळवली. रेमी डाव्या हातानं सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद पिळत होता. त्याला सगळंच उलटं पिळायची लहानपणापासून खोड. बुटाची नाडी असो की तार, त्याचा पीळ डावीकडे जायचा, आणि आई चिडून म्हणायची, याच्या गाठी सोडवायला सैतानच हवा.

शनिवारी संध्याकाळी सगळं गाव वर सामुदायिक जेवणाला गेलं होतं, तेव्हा तो एकटा गॅरेजात होता. फुटलेली मूठ बर्फात घालून बसला होता, आठ वाजता पायवाटेनं वर गेला. त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

"शाझाल तुझ्या कानात काय म्हणाला?"

"ते सोडून काहीही विचार, ताई."

"तीस वर्षं आत जाशील."

"जाईन."

रेमी पिळलेला कागद टेबलावर टाकून भिंतीकडे बघत राहिला. ओदिलला त्याच्या दुसऱ्या डोळ्यावरही एक द्यावीशी वाटली. आई गेली तेव्हा रेमी नऊ वर्षांचा होता आणि त्याला हिनंच वाढवलं होतं.

कोर्बियेंच्या हाती ठोशाहून मोठा पुरावा होता. तो म्हणजे ओबँ तेसियेचा कान.

ओबँ जुना शर्यतवाला. चॅपेलच्या वळणावर त्याचे दोन्ही पाय गेले आणि हट्टानं त्यानं त्याच वळणावर घर घेतलं. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसतो, रस्त्याकडे पाठ करून. जत्रेत लोक त्याच्या कानावर पैजा लावतात. गाडी न बघता तो इंजिन सांगतो आणि अजून चुकलेला नाही.

आता सिगाल गाडीविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण या खोऱ्यात लोक धर्मावरून भांडत नाहीत, सिगालवरून भांडतात. एवढीशी, तीन दारांची, लाल गाडी. ती दोन इंजिनांत मिळते, एक सोळाशेचं आणि एक एकोणीसशेचं. सोळावाले म्हणतात, आमचं इंजिन हलकं, भराभर चढतं, गातं. चालवणाऱ्याला अक्कल लागते. एकोणीसवाले म्हणतात, आमच्यात ताकद आहे, गिअर कमी बदलावे लागतात. अक्कल कमी असली तरी चालते. एकोणीसचा दुर्गुण एकच. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललात की शेपूट सुटतं आणि गाडी आपल्याच मागच्या चाकांना पुढे जाऊ देते. शर्यतीत दोघींचे गट वेगळे. गावात सोळा तीन होत्या, एकोणीस एकच, रेमीची.

ओदिल ओबँकडे गेली तेव्हा तो दाढी करत होता. शनिवारी सव्वासातला एक सिगाल वर गेली, असं त्यानं सांगितलं. एल्वा टपालवाला त्या वेळी त्याच्याशी पत्ते खेळत होता, त्यानंही ऐकली.

"वळण तिसऱ्यात घेतलं," ओबँ म्हणाला. "तिसऱ्यात, ओदिल. सोळा तिथं तिसऱ्यात घातली तर गुडघे टेकते. दुसऱ्यात आणावीच लागते. ते एकोणीस होतं. तुझ्यासाठी खोटं बोललो असतो, पण फौजदारानं तू यायच्या आधीच विचारलं."

३

शर्यत रद्द झाली होती, रस्ता बंदच होता. ओदिल घाट पायी उतरून गोदामात गेली. शाझालचं प्रेत नेलं होतं. फरशीवर त्याचा आकार तेलात उरला होता आणि भिंतीवर डोक्याच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे वाळले होते. कोर्बियेंनी तिला जप्त वस्तूंची यादी दाखवली. शाझालच्या पान्ह्यांच्या गुंडाळीतला एकच पान्हा गायब होता, प्लग काढायचा, लांब दांड्याचा.

यादीत आणखी दोन गोष्टी होत्या, ज्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. टेबलावर ॲस्पिरिनचं न फोडलेलं पाकीट. आणि प्रेताच्या कानाजवळ पडलेली चेस्टनटच्या लाकडाची बारीक काडी. सुताराची असेल, असं शिपायानं लिहिलं होतं.

"ॲस्पिरिन दातासाठी," कोर्बिये म्हणाले.

"दात दुखत होता तर फोडलं का नाही?"

कोर्बिये बाहेरगावचे. त्यांना गावची ही चाल ठाऊक नव्हती. ओदिलला होती, तिचा बाप या शर्यतीत धावला होता. फिर्मँ शाझालनं बावीस वर्षांत एकाही लबाडाचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. तो त्याला आदल्या संध्याकाळी एकटा बोलवायचा, गाडी उघडायचा, काय सापडलं ते दाखवायचा आणि त्याच्या हातात ॲस्पिरिनचं पाकीट ठेवायचा. रविवारी त्या माणसाला ताप यायचा. ताप आलेला माणूस शर्यतीत उतरत नाही, आणि कसला ताप हे सँत-ओविदमध्ये कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी तो सरळ गाडी घेऊन यायचा. गावाची अब्रू अशी राखली जात होती.

म्हणजे शनिवारी शाझालनं कुणाला तरी ताप द्यायला बोलावलं होतं.

ओदिलनं काडी उजेडात धरली. तिच्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. ही काडी तिला पाठ होती. प्लग काढला की त्या भोकातून काडी आत सोडायची, दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली असताना एक रेघ, वर आल्यावर दुसरी. मधलं अंतर म्हणजे दट्ट्याची धाव. सोळा आणि एकोणीस बाहेरून सख्ख्या बहिणी, फरक सगळा या धावेत. सोळाची त्र्याहत्तर मिलिमीटर, एकोणीसची अठ्ठ्याऐंशी. तिनं पट्टी लावली. अठ्ठ्याऐंशी भरली.

"झालं तर," कोर्बिये म्हणाले. "त्यानं रेमीचीच गाडी मोजली."

"एकोणीसची एकोणीस निघाली. त्यात लबाडी कसली, साहेब? हत्तीला हत्ती म्हणायला कुणी फूटपट्टी आणत नाही."

त्या वेळी कोर्बिये हसले, पण पुढचं बघून त्यांनाही हसता आलं नाही. गोदामाबाहेर शर्यतीची सुरुवातीची रेषा होती. नगरपालिकेचा माणूस ती दर वर्षी आदल्या संध्याकाळी साडेसहाला ओल्या चुन्यानं काढतो आणि पायवाटेनं जेवायला पळतो. गोदामाचं मोठं दार त्या वेळी बंद होतं, असं तो म्हणाला. त्या ओल्या रेषेवरून एक गाडी वर गेली होती. रस्त्यावर वीस पावलं टायरचे पांढरे पट्टे उमटले होते. ओदिल गुडघ्यांवर बसली आणि पट्टी आडवी लावली. मग उठून पुन्हा बसली आणि पुन्हा लावली. एकोणीसचे टायर सोळापेक्षा बोटभर रुंद असतात. हे पट्टे अरुंद होते. रेषेवरून गेलेली गाडी सोळा होती.

कानानं ऐकलेली एकोणीस आणि डोळ्यांनी दिसणारी सोळा, आणि रस्त्यावर गाडी एकच गेली होती.

४

कोर्बियेंनी कान धरला आणि डोळा सोडला. चुना पसरतो, ओघळतो. ओबँ चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ओदिलनं वाद घातला नाही. सोमवारी सकाळी ती तिन्ही सोळांच्या मालकांकडे गेली.

नादेज ओलिये गावच्या शाळेत शिकवते, ती तिथंच भेटली. तीन वर्षं शर्यतीत तिचा दुसरा नंबर, दर वेळी पाचसहा सेकंदांनी. शनिवारी सहापासून ती दोनशे माणसांना सूप वाढत होती आणि दोनशे साक्षीदार तिच्याकडे होते. तिचे डोळे रडून लाल झाले होते. फिर्मँकाकांनी मला शुक्रवारी विचारलं होतं, ती म्हणाली, की घाटात सरळ रस्त्यावर गिस्लँची गाडी तुला कुठं सोडून जाते. वळणांत नाही, मी सांगितलं. वळणांत मी त्याच्या मानगुटीवर असते. वळण संपलं की तो जातो.

एल्वा टपालवाल्याला दोन वर्षांपूर्वी शर्यतीच्या रविवारी ताप आला होता, पण तो सव्वासातला ओबँकडे पत्त्यांत हरत होता. तिसरा गिस्लँ प्रादेल, गावातला खाटीक. लागोपाठ तीन वर्षं लहान गटाचा विजेता. गावाच्या वेशीवरच्या सँत-ओविदच्या पाटीखाली त्याचं नाव रंगवायचं ठरलं होतं.

गिस्लँ दुकान धुऊन काढत होता. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं. मोठा, गोरटेला, हसरा माणूस. वजनात कधी पाच ग्रॅम कमी दिलं नाही. रेमीचं फार वाईट वाटतं, असं त्यानं तीनदा सांगितलं. आपली सिगाल शनिवारी पाचपासून दुकानामागच्या अंगणात उभी होती, आपण आतल्या खोलीत जेवणासाठी डुकराच्या मांसाचे गोळे भाजत होतो आणि साडेसातला ती तबकं घेऊन सभागृहात गेलो, सगळ्यांनी पाहिलंय. तबकांचं तेवढं खरं होतं. ओदिलनंही पाहिलं होतं. त्याच्या ॲप्रनवर रक्त होतं. पण खाटकाच्या ॲप्रनवरचं रक्त कोण मोजतं?

ती तिथून परत ओबँकडे गेली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"गिस्लँ शर्यतीत तुझं वळण कसं घेतो?"

"दुसऱ्यात. सोळा घेणार तरी कशी?" ओबँ म्हणाला. "पण तू विचारतेस म्हणून सांगतो. त्याचं ते दुसऱ्यात टाकणं मला कधी आवडलं नाही. फार ठसक्यात, फार जोरात. जेवलेला माणूस भूक लागल्याचं सोंग करतो तसं. बाकीच्यांच्या गाड्या तिथं दुसरा गिअर मागतात. त्याची मागत नाही, तरी तो देतो."

ओबँचा हात खुर्चीच्या चाकावर घट्ट झाला.

"ओदिल," तो हळूच म्हणाला, "मी बरोबर ऐकलं होतं ना?"

"अगदी बरोबर. इंजिन तू ऐकलंस. पत्रा तू पाहिला नाहीस."

आता तिच्या डोक्यात सगळं एका ओळीत बसलं. सोळाच्या अंगात एकोणीसचं इंजिन. तीन वर्षं तो खाटीक हजारो लोकांसमोर चॅपेलच्या वळणावर दुसरा गिअर टाकायचं नाटक करत होता, गरज नसताना, केवळ ओबँच्या कानासाठी. शनिवारी शाझालनं त्याला बोलावलं तेव्हा तो मागच्या लांबच्या वाटेनं, रेषा काढायच्या आधीच खाली आला. गाडी गोदामात घेतली, दार लावलं. शाझालनं काडीवर रेघा मारल्या आणि पाकीट पुढं केलं. गिस्लँनं ताप घेतला नाही, पान्हा घेतला. मग साडेसातला तबकं घेऊन हजर व्हायचं होतं आणि मागच्या वाटेला अर्धा तास लागतो, म्हणून तो ओल्या रेषेवरून सरळ घाट चढला. हात रक्तानं माखलेले असताना माणूस नाटक विसरतो. त्यानं वळण जसं त्याच्या गाडीला घ्यायचं होतं तसंच घेतलं.

५

कोर्बियेंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. खाटकाची गाडी उघडायला न्यायाधीशाचा कागद लागेल, तो घेऊन चारला येतो, तोवर घरी बसा, असं त्यांनी बजावलं. घड्याळात तीन वाजले होते. घरी बसण्याचा गुण व्हर्नेदांच्या रक्तातच नव्हता. शिवाय एक तास म्हणजे खाटकाला धुण्यापुसण्याला पुष्कळ झाला. गाडी हलू द्यायची नाही, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं.

अंगणात सिगाल उभी होती. एवढी स्वच्छ गाडी ओदिलनं शोरूममध्येसुद्धा पाहिली नव्हती. ती वाकली आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला चुना लागला.

"कंपनीनं पाठवलं का?" मागून गिस्लँ म्हणाला.

ती वळली. तो हसत नव्हता. दारात उभा होता आणि उजवा हात मांडीमागे होता.

"बॉनेट उघड, गिस्लँ. एक प्लग काढते, काडी घालते, दोन मिनिटांचं काम. त्र्याहत्तर भरले तर तुझ्या पाया पडते."

"फिर्मँही असंच म्हणाला. दोन मिनिटांचं काम." त्याचा आवाज अजून शांत होता. "ताप घे म्हणाला मला. पाटीवर माझं नाव लागणार होतं, ओदिल. माझा बाप याच गावात दारोदार आतडी विकायचा. ताप घे म्हणे."

पान्हा तिला दिसला तेव्हा तो खाली येत होता. तिनं खांदा मध्ये घातला म्हणून डोकं वाचलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं आधी ऐकला आणि कळ नंतर आली. दुसरा घाव बॉनेटवर बसला. ती गाडीला टेकून खाली घसरली. त्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं वर केलं, तेव्हा तिनं चांगल्या हातानं त्याच्या गुडघ्याच्या वाटीत खिशातली पोलादी पट्टी खुपसली. तो गुरासारखा ओरडला. त्यानं तिच्या बरगड्यांत लाथ घातली, पुन्हा घातली, आणि पान्हा तिसऱ्यांदा उचलला.

ती किंचाळली, आणि त्या किंकाळीला कुणी तरी उत्तर दिलं. शेजारच्या शाळेच्या माडीवरून नादेज पोरांची हजेरी घ्यावी तसं नाव घेऊन ओरडत होती, गिस्लँ प्रादेल, गिस्लँ प्रादेल, आणि एकेक करत खिडक्या उघडत होत्या. खाटकानं वर पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. हेच त्याला तीन वर्षं हवं होतं. तो गाडीत बसला, लंगडत्या पायानं क्लच दाबला आणि घाटाकडे सुटला.

पुढचं ओबँनं ऐकलं. गाडी घाट उतरत होती, तिसऱ्यात, सोळाला न शोभणाऱ्या वेगानं. खालून कोर्बियेंची निळी व्हॅन वेळेआधी वर येत होती आणि नेमकी चॅपेलच्या वळणात समोर आली. एकोणीसवाला जे स्वप्नातसुद्धा करत नाही ते खाटकानं केलं. तीन वर्षं सोळावाला म्हणून मिरवून तो विसरला असावा की आपण कशावर बसलोय. त्यानं घाबरून पाय उचलला.

शेपूट सुटलं. गाडी आडवी झाली, मग उलटी फिरली आणि ड्रायव्हरच्या बाजूनं चॅपेलच्या दगडी भिंतीत शिरली. ओबँच्या खिडकीची काच फुटून त्याच्या मांडीवर पडली. कोर्बिये धावत पोचले तेव्हा स्टिअरिंगचा दांडा गिस्लँच्या छातीतून सीटपर्यंत गेला होता. तो पाच मिनिटं जिवंत होता. पान्हा त्याच्या पायापाशी पडला होता आणि दांड्यावर फि. शा. ही अक्षरं कोरलेली होती.

६

रेमी सोमवारी संध्याकाळी सहाच्या आधी सुटला. कोर्बियेंनी त्याच्या डोळ्याबद्दल माफी मागितली. ती त्यांनी शिपायाकडूनही मागवून घेतली, हे त्यांच्या नावावर जमा.

गुरुवारी ओदिल गळ्यात हात बांधून त्या चेंद्यापाशी गेली. विमा होता, त्यामुळे अहवाल तिलाच लिहायचा होता. कोर्बियेंच्या माणसांनी इंजिन उतरवून ओट्यावर ठेवलं होतं. तिनं एका हातानं प्लग काढला आणि शाझालची काडी आत सोडली. अठ्ठ्याऐंशी. मग त्यांनी इंजिनाचा तळ उघडला. आत सगळं नीटनेटकं, प्रेमानं बांधलेलं होतं. एखादी बाई दिवाणखाना लावते तसं. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला तार पिळून बांधली होती, आणि एकूणएक तारेचा पीळ डावीकडे गेला होता.

ओदिल कितीतरी वेळ त्या तारांकडे बघत उभी राहिली. शिपायांना त्यात काही कळण्यासारखं नव्हतं. जगात तो पीळ ओळखणारी दोनच माणसं होती आणि त्यातली एक, त्यांची आई, जमिनीखाली होती.

ती रेमीच्या गॅरेजात गेली. तो कुठलंच काम करत नव्हता. तिनं कोरा अहवाल टेबलावर ठेवला आणि समोर बसली. तिनं विचारलं नाही, तरी तो सांगायला लागला. तीन वर्षांपूर्वी गिस्लँनं त्याला चांगले पैसे आणि फुटक्या एकोणीसचं इंजिन आणून दिलं होतं. गिऱ्हाइकाच्या इंजिनात काय आहे ते मेकॅनिकनं बाहेर बोलायचं नाही, हे त्याला उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शनिवारी कॅफेत शाझालनं कानात एवढंच विचारलं होतं की रेमी, प्रादेलचं इंजिन तू बांधलंस का.

"मी हो म्हटलं नाही," रेमी म्हणाला. "मारलं. आणि त्याला कळलं. ठोशातून त्याला उत्तर मिळालं, ताई. गप्प राहिलो असतो तर तो अजून विचारात पडला असता. आणि तोंडानं हो म्हटलं असतं तर गिस्लँला एकट्यानं बोलवायची वेळच आली नसती, मला बरोबर नेलं असतं. कोठडीत मला पहिल्या तासातच कळलं होतं कुणी मारलं ते."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तीस वर्षं बरोबरच आहेत."

ओदिलनं खिशातून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. ॲस्पिरिनचं, न फोडलेलं. तिच्या आवाजात फौजदाराला दाखवलेला ताठा नव्हता. तारा मी कापून टाकते, ती म्हणाली. अहवालात फक्त आकडा लिहीन. तू गॅरेज बंद कर, खाली शहरात जा, कुणी विचारणार नाही. पंचवीस वर्षांत तिनं एकही ओळ खोटी लिहिली नव्हती किंवा गाळली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

रेमी पाकिटाकडे बघत होता. बाहेरून सोलांज शाझाल कॅफेकडे चालली होती, काळ्या कपड्यांत, हातात झेंड्यांची गुंडाळी. ती खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत त्यानं तिला पाहिलं. मग डाव्या हातानं पाकीट बहिणीकडे परत सरकवलं.

"मला ताप नाही," तो म्हणाला. "माझं नाव लिही."

ओदिलनं पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि लिहायला सुरुवात केली.